सालाझारचाच युक्तिवाद

वसईच्या खाडीच्या दक्षिणेला, उत्तनजवळच्या तारोडीसारख्या गावांतील ख्रिस्ती समाज पिढ्यान् पिढ्या मराठीचीच एक बोली बोलत आला आहे. तरीही ख्रिस्ती माणसाकडे राष्ट्रनिष्ठेचा दाखला मागणारे लोक आपल्या देशात आहेत. अशांनी पोर्तुगीज अमलाचा इतिहास अर्ध्यावरच मिटून ठेवलेला असतो.

१५३४ मध्ये हा प्रांत पोर्तुगिजांकडे गेला, १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी तो सोडविला. मधल्या काळातील जुलूम खराच आहे. पोरक्या हिंदू मुलांना बाप्तिस्मा देण्याचा १५५९ चा राजहुकूम आणि गोव्यात १५६० मध्ये स्थापन झालेले धर्मन्यायालय यांवर पांघरूण घालण्याचे कारण नाही. पण तो जुलूम राजसत्तेचा होता. ज्यांच्या पूर्वजांवर धर्म लादला गेला, त्यांच्याच वंशजांना आरोपी करणे हा कुठला न्याय?

गोव्यात ही राजसत्ता पुढे आणखी सव्वादोनशे वर्षे टिकली. तेथील हिंदूंना खरी समानता लाभली ती १९१० मध्ये लिस्बनला राजेशाही कोसळून प्रजासत्ताक आले तेव्हा. १९२६ च्या लष्करी उठावाने ते प्रजासत्ताक बुडाले आणि सालाझारची हुकूमशाही उभी राहिली. १९३० च्या वसाहत कायद्याने गोमंतकीयांना, मग ते हिंदू असोत वा ख्रिस्ती, दुय्यम ठरविले. लग्नपत्रिकासुद्धा सेन्सॉरच्या नजरेखालून जाऊ लागली!

या कायद्याविरुद्ध विधिमंडळात ठराव मांडला तो मिनेझिस ब्रागांझा यांनी. गोमंतकीयांच्या मनावरील परकी पगडा उघडा करणारी पुस्तिका १९४४ मध्ये लिहिली ती त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हा यांनी, आणि त्यांना पोर्तुगालच्या तुरुंगात डांबण्यात आले. १८ जून १९४६ रोजी मडगावला डॉ. लोहियांनी सभाबंदी मोडली, तेव्हा त्यांच्यासोबत डॉ. जुलियांव मिनेझिस होते. ही तिन्ही नावे ख्रिस्ती घरांतली आहेत.

सालाझारचा दावा काय होता? गोव्यात चर्च आहे, लॅटिन संस्कृती आहे, म्हणून गोवा पोर्तुगालच. १९५१ मध्ये त्याने वसाहतीला 'सागरपार प्रांत' असे नवे नाव दिले तेही याच बळावर. माणसाच्या धर्मावरून त्याचे राष्ट्र ठरविण्याची ही रीत १९ डिसेंबर १९६१ रोजी गोव्यात पराभूत झाली. तारोडीच्या ख्रिस्ती शेतकऱ्याला परका म्हणणारा तोच दावा आज मराठीत मांडतो आहे.