वर्षं कुणी खाल्ली?

पेन्शन म्हटलं की आपल्या पोरांना जांभई येते. पंचविशीत म्हातारपण दिसतंय कुणाला? पण दोस्तांनो, नागापूर एमआयडीसीत पाळी सुटताना गेटवर जरा उभे राहा. कायम कामगार आणि कंत्राटी कामगार एकाच मशीनवरून उठून बाहेर येतात. फरक एवढाच, की एकाच्या कार्डावर कंपनीचं नाव आणि दुसऱ्याच्या कार्डावर ठेकेदाराचं. ठेकेदाराचं नाव बदलत राहतं. माणूस तोच, घाम तोच.

मेख इथंच आहे. १९९५ ची पेन्शन योजना म्हणते, दहा वर्षं नोकरी भरा, अठ्ठावन्न झाले की पेन्शन घ्या. ठेकेदार बदलला की नवं खातं. जुन्यातलं काढून घे, असं मुकादमच सांगतो. घरात पोरीचं लग्न नाहीतर बापाचं ऑपरेशन असतंच. गडी ओटीपी देतो. पीएफबरोबर पेन्शनचाही पैसा उचलला की मागची वर्षं खलास. पुन्हा शून्यापासून. वीस वर्षं एकाच गेटात राबलेला माणूस कागदावर चार वर्षांचा! पैसा न उचलता खाती जोडून घेतली तर वर्षं टिकतात, हे त्याला सांगणार कोण? ठेकेदार? युनियन? युनियन तर कायमवाल्यांची.

बरं, भरली दहा वर्षं. मग? सप्टेंबर २०१४ मध्ये किमान पेन्शन महिना १००० रुपये ठरली. २०२४ उजाडलं तरी हजारच. २०१४ सालीच पगाराची मर्यादा १५००० केली. पगार गुणिले वर्षं, भागिले ७०. पस्तीस वर्षं धरली तरी साडेसात हजार. कंत्राटी माणसाला सलग पस्तीस वर्षं देतो कोण?

मार्च २०२३ मध्ये सरकारी कर्मचारी संपावर गेले. ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही, आपलेही भाऊबंद त्यात होते. मागणीपत्रात कंत्राटींना कायम करा असंही होतं. पण घोषणेत ते कुठं होतं? ऑफिस झाडणारी कंत्राटी बाई त्या दिवसांतही झाडतच होती.

फेब्रुवारी १९३८. आपल्याच रेल्वेलाइनीवरचं मनमाड. अस्पृश्य रेल्वे कामगारांच्या परिषदेत बाबासाहेबांनी दोन शत्रू सांगितले, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. तेव्हा आपला माणूस गँगमनच्या वर चढू शकत नव्हता. आज कंत्राटी हजेरीपटावरची आडनावं वाचा. मी सांगत नाही, तुम्हीच वाचा.

आपला म्हातारा बंगला मागत नाय. पोराच्या हाताकडे न बघता बीपीच्या गोळ्या आणता याव्यात, इतकंच. ठेकेदारानं पीएफ बुडवला तर मूळ मालकानं भरावा, हे कायद्यात आहेच. मग वर्षंही गेटवरच मोजा ना! ठेकेदार किती का बदलेनात.

येत्या रविवारी बापाचं पीएफ पासबुक मोबाईलवर उघडा. त्यात किती ठेकेदारांची नावं निघतात ते लिहून आणा.