छापून झाले, पण पुसले गेले का?

दिल्लीतील जुना राजेंद्र नगर आणि मुखर्जी नगर या भागांत स्पर्धा परीक्षांच्या तयारीसाठी देशभरातून विद्यार्थी येतात. त्यांत महाराष्ट्रातील तरुणांची संख्याही मोठी असते. अभ्यासिका, खाणावळी आणि झेरॉक्सची दुकाने यांवर या वस्त्यांचे दैनंदिन जीवन चालते. प्रवेशपत्र, आधार, गुणपत्रिका, जातीचा दाखला, भाडेकरार असे सारे काही कुठल्या तरी दुकानाच्या संगणकावरून छापले जाते. कागद हाती येतो, पैसे दिले जातात आणि विद्यार्थ्याच्या दृष्टीने व्यवहार संपतो. संगणकाच्या दृष्टीने मात्र तो संपलेला असतोच असे नाही.

छपाईयंत्र संगणकाच्या तुलनेत फार संथ असते. म्हणून छापावयाचा मजकूर आधी डिस्कवरील एका फोल्डरमध्ये उतरवला जातो आणि तेथून एकेक काम क्रमाने यंत्राकडे धाडले जाते. या व्यवस्थेला स्पूलिंग म्हणतात आणि ताटकळणाऱ्या कामांच्या ओळीला छपाईची रांग. काम पूर्ण झाल्यावर या रांगेत दोन गोष्टी मागे राहू शकतात. पहिली म्हणजे नोंद: कोणी छापले, केव्हा छापले, दस्तऐवजाचे नाव काय होते. दुसरी म्हणजे प्रत्यक्ष मजकूर. या दोहोंतील भेद ओळखला नाही, तर किती काळ काय जपावे या प्रश्नाचे उत्तर चुकणारच.

लिनक्स आणि मॅक संगणकांवर छपाईचा कारभार ‘कप्स’ ही प्रणाली पाहते. मायकेल स्वीट यांनी 1997 मध्ये तिच्या विकासास आरंभ केला आणि 2007 मध्ये ॲपलने तिची मालकी घेतली. या प्रणालीत नोंद आणि मजकूर यांसाठी दोन स्वतंत्र कळा आहेत: ‘प्रिझर्व्ह जॉब हिस्टरी’ आणि ‘प्रिझर्व्ह जॉब फाइल्स’. दोहोंना होय, नाही किंवा सेकंदांचा आकडा देता येतो. तिच्या मूळ मांडणीत मजकूर 86,400 सेकंद, म्हणजे पूर्ण एक दिवस राहतो. नोंदी कामांची एकूण मर्यादा गाठेपर्यंत राहतात आणि ती मर्यादा मुळात 500 असते. विंडोजची रीत उलट आहे. तेथे छपाई होताच मजकूर काढून टाकला जातो. परंतु छपाईयंत्राच्या गुणधर्मांत ‘छापलेले दस्तऐवज जपून ठेवा’ अशा अर्थाची एक चौकट असते. तिच्यात खूण केली की काढून टाकणे थांबते आणि कामे रांगेत साठत जातात. छपाईच्या सविस्तर नोंदींची वही मात्र विंडोजमध्ये मुळात बंदच असते.

म्हणजे एका प्रणालीत नोंद आणि मजकूर दोन्ही राहतात, तर दुसरीत बहुधा दोन्ही राहत नाहीत. जबाबदारीसाठी नोंद ठेवावी आणि गोपनीयतेसाठी मजकूर पुसावा, हा शहाणपणाचा मध्यममार्ग दोन्हीकडे कोणीतरी जाणीवपूर्वक निवडावा लागतो. ही निवड करणारा माणूस बहुतेक ठिकाणी नेमलेलाच नसतो.

याचे मोल आधारच्या उदाहरणावरून ध्यानात येईल. नवी दिल्लीत मुख्यालय असलेले आधार प्राधिकरण नागरिकांना सांगते की, सार्वजनिक संगणकावर ई-आधार उतरवून घेणे टाळावे आणि घेतलेच तर सर्व प्रती कायमच्या पुसाव्यात. ही सूचना योग्यच आहे. ई-आधारच्या फाइलला परवलीचा शब्दही असतो. परंतु ती फाइल उघडून छापण्याची आज्ञा दिली की रांगेत उतरतो तो उलगडलेला मजकूर. त्याला परवलीच्या शब्दाचे कुलूप नसते. दक्ष विद्यार्थी ‘डाउनलोड्स’मधील प्रत पुसतो, कचरापेटीही रिकामी करतो आणि निर्धास्त होऊन निघतो. रांगेतील दुसरी प्रत त्याला दिसत नाही आणि ती पुसण्याचा अधिकारही त्याच्याकडे नसतो.

मजकूर जपण्याच्या बाजूने दोन युक्तिवाद केले जातात. पहिला सोयीचा: कागद अडकला किंवा शाई फिकी आली, तर तेच काम पुन्हा छापता येते. हे खरे आहे. पण ती गरज काही मिनिटांत कळते, तिच्यासाठी दिवसभर थांबावे लागत नाही. दुसरा युक्तिवाद अधिक गंभीर आहे, तो उत्तरदायित्वाचा. फेब्रुवारी 2015 मध्ये शास्त्री भवनातील पेट्रोलियम मंत्रालयातून गोपनीय कागदपत्रे पळवल्याच्या आरोपावरून दिल्ली पोलिसांनी अनेकांना अटक केली, तेव्हा सरकारी कागदांच्या प्रती कोण काढतो हा प्रश्न ऐरणीवर आला होता. अमेरिकेत 2017 मध्ये एक गुप्त अहवाल वृत्तसंस्थेकडे पोहोचला. तो सहा जणांनी छापला होता, हे अंतर्गत तपासणीत आढळले आणि त्यावरून तपास रिॲलिटी विनर या कर्मचारी महिलेपर्यंत गेला. परंतु त्या तपासाला दिशा दिली ती ‘कोणी छापले’ या नोंदीने. त्यासाठी प्रत्येक छापील पानाची दुसरी प्रत साठवून ठेवण्याची गरज नव्हती.

मजकूर साठवण्याची किंमत काय असते, हेही जगाने पाहिले आहे. न्यूयॉर्कमधील ‘अफिनिटी हेल्थ प्लॅन’ या आरोग्य विमा संस्थेने भाड्याने घेतलेली फोटोकॉपी यंत्रे डिस्क न पुसताच परत केली. त्यांत रुग्णांची माहिती तशीच होती. सुमारे 3,44,000 लोकांची माहिती उघड झाली असावी असा अंदाज होता आणि 2013 मध्ये संस्थेला 12 लाख डॉलरहून अधिक रक्कम भरून प्रकरण मिटवावे लागले.

भारतात हा प्रश्न आता कायद्याच्या दारात उभा आहे. 24 ऑगस्ट 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने गोपनीयता हा मूलभूत अधिकार ठरवला. 2023 चा डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा सांगतो की, हेतू संपला की विदा पुसावी. दुसऱ्या बाजूस, सर्ट-इनने एप्रिल 2022 मध्ये दिलेल्या निर्देशांनुसार संगणक प्रणालींच्या नोंदी 180 दिवस राखाव्या लागतात. आणि नोव्हेंबर 2025 मध्ये अधिसूचित झालेल्या विदा संरक्षण नियमांत वैयक्तिक विदा व प्रक्रियेच्या नोंदी किमान एक वर्ष ठेवण्याची तरतूद आहे. या तरतुदी सुरक्षा आणि तपास डोळ्यांसमोर ठेवून केलेल्या आहेत. परंतु नोएडातील एखाद्या कंपनीचा किंवा दिल्लीतील एखाद्या महाविद्यालयाचा धास्तावलेला संगणक व्यवस्थापक त्यांचा अर्थ ‘सारेच ठेवून द्या’ असा लावील आणि छपाईच्या रांगेतील मजकूरही वर्षभर साठवील, हा धोका खरा आहे. रांगेतील तात्पुरती फाइल या तरतुदींच्या कक्षेत येत नाही, असे इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने निःसंदिग्ध शब्दांत सांगावे.

उपाय खर्चिक नाहीत. सार्वजनिक दुकानांत छापलेला मजकूर जपण्याचा कालावधी शून्य असावा. कार्यालयांत तो फार तर एक तास, म्हणजे 3,600 सेकंद असावा. नोंदी कायद्याने सांगितलेल्या मुदतीपर्यंत वेगळ्या, सुरक्षित जागी ठेवाव्यात. मात्र त्यांतून दस्तऐवजाचे शीर्षक वगळावे, कारण ‘एचआयव्ही चाचणी अहवाल’ एवढे शीर्षकच सारे सांगून जाते. कप्स हे शीर्षक इतर वापरकर्त्यांपासून लपवते. व्यवस्थापकापासून लपवत नाही. शिवाय फाइल काढून टाकली म्हणजे डिस्कवरील खुणा लगेच मिटत नाहीत. म्हणून स्पूलची डिस्क कूटबद्ध असावी आणि यंत्र विकण्यापूर्वी वा परत करण्यापूर्वी ती पूर्ण पुसावी. सरकारी खरेदीच्या निविदांत या अटी घातल्या, तर पुरवठादार यंत्रे तशीच मांडून देतील आणि त्याचा लाभ खासगी ग्राहकांनाही मिळेल.

तोवर विद्यार्थ्यांनी दुकानदाराला रांग उघडून दाखवण्याची विनंती करावी आणि आपले काम तेथे दिसत असल्यास ते आपल्यासमोर काढून टाकायला सांगावे. बहुतेक दुकानदारांचा यात कोणताही वाईट हेतू नसतो. ती चौकट कधी आणि कोणी खूण करून ठेवली, हेही त्यांना ठाऊक नसते.