‘कचरा’ हे कुणाचं नाव?

येरवड्याच्या वस्त्यांमधून रोज सकाळी कचरावेचक बाया कामाला निघतात. त्यात आपल्या समाजाच्या बाया किती, हे वेगळं सांगायला नको. १९९३ साली पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली, ओळखपत्रं मिळाली. २००८ पासून ‘स्वच्छ’ सहकारी संस्थेमार्फत दारोदार काम सुरू झालं. कचरा करणारे वेगळे आणि तो उचलणारे वेगळे, एवढं लोकांच्या गळी उतरवायला या बायांना वर्षानुवर्षं झगडावं लागलं.

आणि ५ जून २०२३ च्या पर्यावरण दिनाला झोमॅटोने काय केलं? ‘लगान’ (२००१) सिनेमातलं ‘कचरा’ हे दलित पात्र उचललं, भूमिका करणारा तोच नट घेतला आणि त्याला कधी टेबल, कधी दिवा, कधी कागद करून टाकलं. कचऱ्यापासून बनलेल्या वस्तू म्हणून! टीका झाली, जाहिरात मागे घेतली गेली, राष्ट्रीय अनुसूचित जाती आयोगाने नोटीसही काढली.

तेव्हा आपलेच काही मित्र म्हणाले, हेतू वाईट नव्हता. कचरू, दगडू, धोंडू ही नावं मराठीतही आहेतच की. आहेत. पण मुलं जगत नाहीत म्हणून नजर लागू नये, या वेड्या आशेने आईने ठेवलेलं नाव वेगळं आणि व्यवस्थेने लादलेलं नाव वेगळं. म्हणून तर १९५६ नंतर आपल्या घरांत सिद्धार्थ, राहुल, गौतमी आले. नाव बदलणं हे आपलं भाषेतलं बंड होतं.

प्रश्न हेतूचा नाहीच. ‘लगान’मधली टीम म्हणजे छोटा भारत. हिंदू, मुसलमान, शीख, सगळे इंग्रजांविरुद्ध एकत्र. देशभक्तीच्या जाहिरातींचाही हाच साचा असतो. पगडी, टोपी, नऊवारी, चार भाषांतलं गाणं, शेवटी तिरंगा. विविधता म्हणजे धर्म, प्रांत, पोशाख. जातीला तिथे जागा नाही. आणि दिली तर ती अशी, टेबल म्हणून.

सिनेमातला कचरा फिरकी टाकतो. खऱ्या इतिहासातला दलित फिरकीपटू याच पुण्यात घडला. पालवणकर बाळू, जातीने चांभार. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभराहून जास्त बळी घेतले. पण पुण्याच्या हिंदू क्लबात त्यांचा चहा पॅव्हेलियनबाहेर, मातीच्या भांड्यात. चेंडू चालत होता, हात चालत नव्हता! २४ सप्टेंबर १९३२ ला आपल्या येरवडा तुरुंगात झालेल्या पुणे करारावर या बाळूंचीही सही आहे. पुढे १९३७ मध्ये ते मुंबईत काँग्रेसकडून बाबासाहेबांविरुद्ध लढले आणि हरले. राजकारण वेगळं होतं, म्हणून त्यांचा अपमान खोटा ठरत नाही. किती जाहिरातींनी बाळूंना देशाचा चेहरा केलं?

२५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत बाबासाहेबांनी बजावलं होतं की हजारो जातींत विभागलेले लोक आपण राष्ट्र झालो असं मानत असतील, तर तो भ्रम आहे. बंधुता असेल तरच राष्ट्र. तीस सेकंदांच्या गाण्यातून बंधुता येत नाही. ज्याच्यासोबत कपाला कप लावून चहा प्यायचा, त्याला आधी माणूस म्हणून दाखवावं लागतं.

आता थोडं आपल्याबद्दल. १४ एप्रिलचे आपले फ्लेक्स याही जाहिरातीच. त्यावर बाबासाहेब कोपऱ्यात आणि भावी नगरसेवक मधोमध! कचरा वेचून मुलीला शिकवणारी वस्तीतली आई त्यावर का नसावी? तिचं पूर्ण नाव, तिच्या बोलीतलं एक वाक्य, एवढं तरी यंदा छापू. मास कम्युनिकेशन शिकणाऱ्या आपल्या पोरापोरींनी जाहिरात एजन्सीतही शिरावं. जिथे असली कल्पना पहिल्यांदा मांडली जाते, त्या खोलीत ‘हे चालणार नाही’ म्हणणारं कुणीतरी आपलं हवं. नोटिसा नंतर येतात.

जय भीम!