एकाच मतपत्रिकेवरचे दोन कौल

५ नोव्हेंबर २०२४ रोजी अमेरिकेतील मिसुरी राज्याच्या मतदारांनी डोनाल्ड ट्रम्प यांच्या पारड्यात ५८ टक्क्यांहून अधिक मते टाकली. किमान वेतन ताशी १५ डॉलरपर्यंत वाढवावे आणि कामगारांना आजारपणाची पगारी रजा मिळावी, असा एक प्रस्तावही त्याच मतपत्रिकेवर होता. व्यापार-उद्योग संघटनांना तो मान्य नव्हता आणि रिपब्लिकन पक्षाच्या अर्थविचारात तर असल्या सक्तीला जागाच नाही. तरीही सुमारे ५७.६ टक्के मतदारांनी तो संमत केला. हे दोन्ही कौल वेगवेगळ्या लोकांनी दिले असतील, ही पळवाट साध्या बेरजेपुढे टिकत नाही. दोन्ही टक्केवारींची बेरीज शंभराच्या बरीच पुढे जाते. म्हणजेच किमान चार लाखांच्या आसपास माणसांनी एकाच हाताने दोन्ही ठिकाणी शिक्का मारला असला पाहिजे.

मिसुरी हे काही नेहमीच एका पक्षाला बांधलेले राज्य नव्हते. हॅरी ट्रुमन याच मातीतले. १९०४ ते २००४ या शतकभरात १९५६चा एकमेव अपवाद वगळता मिसुरीने ज्याला कौल दिला तोच अमेरिकेचा अध्यक्ष झाला. पुढे मात्र राज्य झपाट्याने रिपब्लिकन पक्षाकडे झुकले. (आपल्याकडील रिपब्लिकन पक्षाशी त्याचे नावापलीकडे कोणतेही नाते नाही, हे सांगणे न लगे.) चर्चनिष्ठ, बंदूक बाळगण्याचा हक्क प्राणपणाने जपणारा आणि वॉशिंग्टनकडे संशयाने पाहणारा असा हा समाज आहे.

हा समाज पक्षाला मत देतो तेव्हा पक्षाच्या अर्थधोरणालाही मत देतो, असे गृहीत धरून तेथील विधिमंडळाने २०१७ साली ‘राइट टु वर्क’ कायदा केला. नावावरून वाटावा तसा हा रोजगाराची हमी देणारा कायदा नव्हे. कामगार संघटनेने मिळवलेल्या कराराचा लाभ घेणाऱ्या कामगाराला संघटनेची वर्गणी देण्याची सक्ती करता येणार नाही, एवढाच त्याचा अर्थ. परिणाम मात्र उघड होता. संघटनांची आर्थिक नाडी आवळली जाणार होती. संघटनांनी तीन लाखांहून अधिक स्वाक्षऱ्या गोळा करून कायदा अमलात येण्याआधीच तो जनतेपुढे खेचला आणि ऑगस्ट २०१८मध्ये तब्बल ६७ टक्के मतदारांनी तो फेटाळून लावला. शहरे तर विरोधात गेलीच, पण ज्या ग्रामीण काउंट्यांत ट्रम्प यांचा जयजयकार होतो, त्यांतील बहुसंख्य काउंट्याही विरोधात गेल्या.

तीनच महिन्यांनी किमान वेतन १२ डॉलरपर्यंत नेण्याचा प्रस्ताव ६२ टक्के मतांनी पारित झाला आणि त्याच दिवशी रिपब्लिकन जॉश हॉली यांनी डेमोक्रॅट सिनेटर क्लेअर मॅककॅस्किल यांचा पराभव केला. ऑगस्ट २०२०मध्ये गरिबांसाठीच्या ‘मेडिकेड’ आरोग्य योजनेच्या विस्ताराला ५३ टक्के मते मिळाली. येथे चित्र थोडे निराळे होते. सेंट लुईस, कॅन्सस सिटी यांसारख्या शहरांनी तो तारला, खेड्यांनी बहुतांशी नाकारला. मजुरी ही घाम गाळून मिळते, मेडिकेड सरकार देते, हा भेद ग्रामीण मनात खोलवर रुजलेला असावा. त्याकडे दुर्लक्ष करून ‘जनता डावीकडे वळली’ असे म्हणणे हा आत्मसंतुष्ट आशावाद होय.

शेजारच्या कॅन्सस राज्याच्या निमित्ताने थॉमस फ्रँक या लेखकाने २००४ साली एक गाजलेले पुस्तक लिहिले. सांस्कृतिक प्रश्नांच्या भुरळीने सामान्य माणूस स्वतःच्या आर्थिक हिताविरुद्ध मतदान करतो, असा त्याचा आशय. पुरोगामी विचारवंतांना हे स्पष्टीकरण अत्यंत सोयीचे वाटले, कारण त्यात दोष मतदाराच्या अकलेचा ठरतो, आपल्या पक्षाचा नव्हे. मिसुरीचे आकडे या सिद्धान्ताला नीट जुळत नाहीत. आपले आर्थिक हित कशात आहे, हे येथील मतदाराला पुरते ठाऊक आहे आणि थेट विचारले की तो ते थेट सांगतो. ज्या पक्षाचे नेते आपल्या श्रद्धांची टर उडवतात अशी त्याची भावना झाली आहे, त्यांच्या हाती तो सत्ता देत नाही, इतकेच. अर्थात श्रद्धेची ही चौकटही वाटते तितकी एकसंध नाही. २०२४मध्ये याच मतदारांनी गर्भपाताच्या हक्काला अगदी निसटत्या बहुमताने, ५१ टक्क्यांहून थोड्या अधिक मतांनी, मान्यता दिली.

सत्ताधाऱ्यांचा भ्रम याच्या उलट दिशेचा आहे. निवडणूक जिंकली म्हणजे करकपातीपासून कामगार कायद्यापर्यंत सर्व गोष्टींची सनद मिळाली, असे ते मानतात. कॅन्ससचे गव्हर्नर सॅम ब्राउनबॅक यांनी २०१२ साली मोठी करकपात केली. तिजोरी रिती झाल्यावर २०१७मध्ये त्यांच्याच पक्षाचे बहुमत असलेल्या विधिमंडळाने त्यांचा नकाराधिकार झुगारून ती मागे घेतली. मिसुरीत मात्र विधिमंडळ मतदारांशीच भिडले. २०२१मध्ये मेडिकेड विस्ताराला निधीच नाकारला गेला. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने कान उपटल्यावर ती योजना सुरू झाली आणि पुढे तीन लाखांहून अधिक माणसांना तिचा आधार मिळाला.

मेडिकेडचा निर्णय राज्यघटनेतील दुरुस्तीच्या रूपाने झाला होता, म्हणून विधिमंडळाला तो पुसता आला नाही. पगारी रजेचा प्रस्ताव मात्र साध्या कायद्याचा होता. दर ३० तासांच्या कामामागे एक तासाची रजा जमा होण्यास १ मे २०२५ रोजी प्रारंभ झाला. जुलैमध्ये गव्हर्नर माइक किहो यांनी रद्दीकरणाच्या विधेयकावर स्वाक्षरी केली आणि २८ ऑगस्टला ती सोय संपली. हॉटेलात भांडी घासणाऱ्या वा वृद्धांच्या शुश्रूषागृहात राबणाऱ्या बाईला ताप आल्यास घरी बसूनही मजुरी मिळण्याचे दिवस चार महिनेही टिकले नाहीत. १५ डॉलरचा दर तेवढा शिल्लक राहिला, पण महागाईनुसार तो पुढे आपोआप वाढण्याची तरतूद छाटली गेली.

हॉली यांनी वाऱ्याची दिशा ओळखली आहे. देशभरच किमान वेतन १५ डॉलर करावे, असे विधेयक त्यांनी जून २०२५मध्ये एका डेमोक्रॅट सहकाऱ्यासह मांडले. मेडिकेडला कात्री लावू नये असे जाहीरपणे सांगितले, जुलैमध्ये ती लावणाऱ्या विधेयकाला मत दिले आणि दोनच आठवड्यांत तीच कपात अंशतः मागे घेण्यासाठी नवे विधेयक आणले!

मिसुरीच्या विधिमंडळाने सप्टेंबर २०२५मध्ये आणखी एक पाऊल टाकले. स्वाक्षऱ्यांच्या बळावर आलेल्या घटनादुरुस्तीला यापुढे राज्यातील आठही काँग्रेस मतदारसंघांत स्वतंत्र बहुमत मिळावे, असा प्रस्ताव त्याने संमत केला. एका मतदारसंघाने नाही म्हटले की उरलेल्या सातांचे होकार वाया जाणार. हा प्रस्तावही मतदारांच्याच मान्यतेने अमलात यायचा असून त्याला मात्र राज्यभरातले साधे बहुमत पुरेसे ठरवण्यात आले आहे.