ज्येष्ठतेचं भांडण लावलं कोणी?

सरकारी इंजिनिअरांच्या सेवाज्येष्ठतेच्या खटल्याची बातमी आली की आपल्या परदेशस्थ मंडळींचा शेरा ठरलेला असतो : पूल बांधायला यांना वेळ नाही, कोर्टात भांडायला आहे! तुम्हीही असं म्हणत असाल, तर जरा थांबा. हे भांडण सरकारने लावलेलं आहे, आणि ते चालू राहण्यात सरकारचीच सोय आहे.

महाराष्ट्राचंच उदाहरण घ्या. उपअभियंत्याच्या पदावर माणसं दोन वाटांनी येत : स्पर्धा परीक्षेतून सरळसेवेने, नाहीतर खालच्या पदावरून पदोन्नतीने. १९६० च्या नियमांत हे प्रमाण शक्यतो ७५:२५ होतं. सरळसेवेची माणसं पुरेशी मिळाली नाहीत, म्हणून पदोन्नतांकडून वर्षानुवर्षं काम करून घेतलं गेलं. ज्येष्ठता मात्र ते 'कायम' झाल्यापासून, आणि त्या वर्षी सरळ भरती झालेल्या सगळ्यांच्या खाली. कायम कधी करायचं, हे सरकारच्या हातात!

१९७७ मध्ये पटवर्धन खटल्यात न्या. यशवंत चंद्रचूड यांनी हा नियम रद्द ठरवला. १९९० मध्ये महाराष्ट्रातल्याच अभियंत्यांच्या खटल्यात पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने सांगितलं : नियमानुसार नेमणूक झाली, तर ज्येष्ठता नेमणुकीच्या तारखेपासून, नियमाबाहेरची, तात्पुरती सोय म्हणून झालेली नेमणूक धरायची नाही.

मग भांडण मिटलं का नाही? कारण त्या 'तात्पुरत्या सोयी'तच कारभार चालतो. तदर्थ पदोन्नती द्या, अतिरिक्त कार्यभार द्या. काम पूर्ण घ्या, हक्क देऊ नका. ज्येष्ठतासूची 'तात्पुरती' म्हणून काढा, हरकती मागवा, अंतिम सूची लांबवा. दरम्यान माणूस निवृत्त होतो आणि मग त्याच्या हाती पदोन्नतीच्या 'मानीव दिनांका'चा कागद पडतो. ज्या खुर्चीत तो कधी बसलाच नाही, तिची तारीख!

"ज्येष्ठताच काढून टाका, गुणवत्तेवर बढती द्या," असं तुम्ही म्हणाल. पण गुणवत्ता ठरवणार कोण? गोपनीय अहवाल लिहिणारा वरिष्ठच ना? कंत्राटदाराच्या फुगवलेल्या बिलावर सही नाकारणाऱ्या इंजिनिअरला निश्चित ज्येष्ठता हाच आडोसा असतो. सूची लोंबकळत ठेवली की तो आडोसाही जातो. मग बढतीसाठी मंत्रालयात खेटे घालणं आलं, आणि खेटे फुकट पडत नाहीत.

दर वर्षी कराराच्या नूतनीकरणाची वाट पाहणारी माझ्यासारखी पोस्टडॉक सोडा, तुमचंच बघा. ग्रीन कार्डच्या रांगेतली आपली प्रायॉरिटी डेट आपल्याला तोंडपाठ असते. रांग लांब आहे म्हणून आपण कुरकुरतो, पण उद्या कोणी ती तारीखच आपल्या मर्जीने ठरवू लागलं, तर आपण वकील गाठणार नाही का? मग तिकडच्या इंजिनिअराने गाठला, तर तो भांडखोर कसा?

मागणी साधी आहे. १ जानेवारीच्या स्थितीची अंतिम सूची त्याच वर्षी लागली पाहिजे. हरकतींना मुदत हवी, तशी निकालालाही हवी. तात्पुरत्या कार्यभाराला कमाल मर्यादा हवी. ती ओलांडली की सरकारने नियमित पदोन्नतीची बैठक घेतलीच पाहिजे. सरळसेवा विरुद्ध पदोन्नत या सामन्यात टाळ्या वाजवण्यापेक्षा, सूची अडवून बसलेल्याला जाब विचारा.