कागद कोणाच्या घरी असतात?

अमेरिकेच्या जन्मकाळाविषयी आज इतके बारीकसारीक ठाऊक आहे, त्याचे एक कारण म्हणजे घरगुती पत्रे. जॉन ॲडम्स हे वकील आणि त्यांची पत्नी ॲबिगेल यांनी एकमेकांना लिहिलेली अकराशेहून अधिक पत्रे जपली गेली. कायदा, कर, महागाई, शेतीचा हिशेब, गावचे राजकारण, सारे त्यांत आहे. परंतु ज्यांच्या भूमीवर त्यांचे ब्रेनट्री गाव वसले, त्या मॅसॅच्युसेट जमातीचे काय? कायदा आणि वहिवाट त्यांच्याकडेही होती. वसाहतीच्या न्यायालयाने मानले ते मात्र इंग्रजी खरेदीखत. ज्याच्या हाती लेखणी, त्याच्या हाती जमीन!

हा न्याय चामोर्शीला परका नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याने बिगरआदिवासी वननिवासींवर अट घातली: १३ डिसेंबर २००५ पूर्वी तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षे, वास्तव्य आणि वनावरील अवलंबन सिद्ध करा. याचा अर्थ १९३० चा पुरावा! तेव्हाच्या चांदा जिल्ह्यात गावचे कागद असत मालगुजाराच्या वाड्यात आणि पटवाऱ्याच्या दप्तरात. १९५१ मध्ये मालगुजारी गेली. कुळाच्या झोपडीत मात्र कागद आले नाहीत. वैनगंगेकाठच्या ढिवराने किंवा जंगलालगतच्या अल्पभूधारकाने आजोबांचा कोणता पत्रव्यवहार सादर करावा?

कागद मागितला नाही तर खोटे दावे माजतील, असा युक्तिवाद केला जातो. तो फसवा आहे. पुरावा नको, असे कोणीच म्हणत नाही. वनहक्क नियमांतील तेरावा नियम वडीलधाऱ्यांचे लेखी नोंदविलेले कथन आणि जमिनीवरील जुने बांध, घरे, विहिरी, स्मशाने हाही पुरावाच मानतो, आणि एकाहून अधिक पुरावे मागतो. २०१२ ची दुरुस्ती तर स्पष्ट सांगते, की उपविभागीय व जिल्हा समित्यांनी विशिष्ट स्वरूपाच्या कागदाचा आग्रह धरू नये. नकाशे आणि मतदारयाद्या ग्रामसभेला पुरविणे हे उपविभागीय समितीचेच कर्तव्य आहे. मग अभिलेख स्वतःच्या कपाटात बंद ठेवून कागदाअभावी दावा फेटाळणे, याला न्याय म्हणायचे की चोराच्या उलट्या बोंबा?

आणि येथे विलंब हाच अन्याय ठरतो. १९३० च्या दशकात जन्मलेली माणसे आज नव्वदीच्या आसपास आहेत. तारखांवर तारखा पडत असताना गावातील एकेक साक्षीदार कायमचा निघून जातो. वाड्यातील दप्तर शंभर वर्षे टिकते. गरिबाचा दस्तऐवज त्याच्या चितेबरोबर जळतो.

म्हणून ग्रामसभांनी या वृद्धांची कथने आजच लिहून घ्यावीत. समित्यांनी अभिलेख खुले करावेत आणि प्रत्येक नकाराची कारणे लेखी द्यावीत. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या लिहू दिले गेले नाही, त्यांच्याकडे लिखिताचीच मागणी करणे हा कायद्याचा अंमल नव्हे. ती जुन्या मालगुजारीची नवी आवृत्ती आहे.