थांबून ऐका, कान उघडे ठेवून चाला

जुलै २०२५ मध्ये मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळाले. त्यात आपला पन्हाळाही आहे. साहजिकच कोल्हापूर पाहायला येणाऱ्यांना आणि पाहुण्यांना गाव दाखवणाऱ्या कोल्हापूरकरांना एक प्रश्न पडतो : माहितगार गाइड घ्यावा, की कानात इअरफोन घालून मोबाइलवरची माहिती ऐकत आपले आपण फिरावे? हा हिशेब बहुधा पैशांचा होतो. तो पाय, कान आणि तोल यांचाही व्हायला हवा. सोबत साठी ओलांडलेले कोणी असेल, तर नक्कीच.

चालणे आपोआप होते असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात मेंदू प्रत्येक पावलाला जमिनीचा अंदाज घेत असतो. वय वाढते तसे या कामाला अधिक लक्ष लागते. १९९७ मध्ये स्वीडनमधील संशोधकांनी वृद्धांची एक साधी पाहणी प्रसिद्ध केली. चालताना कोणी बोलू लागले की ज्यांचे पाय थांबत, त्यांच्यातले बहुतेक जण पुढच्या सहा महिन्यांत कधी ना कधी पडले होते. चालणे आणि बोलणे ही दोन कामे त्यांना एका वेळी झेपत नव्हती. रंगलेली कथा ऐकत दगडी पायऱ्या उतरणे हेही असेच दुहेरी काम आहे.

दुसरा मुद्दा कानांचा. भवानी मंडपातून अंबाबाईच्या देवळाकडे आणि पुढे महाद्वार रोडने चालताना मागून येणारी दुचाकी आधी ऐकू येते, मग दिसते. दोन्ही कान बंद केले, तर ही सूचनाच मिळत नाही. शिवाय गोंगाटावर मात करण्यासाठी आपण आवाज वाढवतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत सुरक्षित असतो. ९० डेसिबलला ही मर्यादा अवघ्या चार तासांवर येते.

या दोन्ही बाबतींत चांगला गाइड उजवा ठरतो. तो बोलायचे तेव्हा थांबतो आणि चालायचे तेव्हा गप्प राहतो. ‘इथे पायरी मोडली आहे, जपून’ हे कोणतीही ध्वनिफीत सांगत नाही. पन्हाळ्यावर तर याला पर्याय नाही. पावसाळ्यात तिथल्या दगडांवर शेवाळ धरते. भर उन्हातून अंधारबावीत उतरताना डोळ्यांना काळोखाची सवय व्हायला वेळ लागतो आणि उतारवयात तो आणखी लागतो. अशा वेळी पुढे हात देणारा माणूस हवा.

पण गाइड घेतला म्हणजे सगळे साधले, असे नाही. उन्हात वीस मिनिटे उभे करून इतिहास सांगणारेही भेटतात. चालताना पोटऱ्यांचे स्नायू पायांतले रक्त वर ढकलतात. नुसते उभे राहिले की ते काम मंदावते, पाय जड होतात, काहींना भोवळ येते. त्यातच गटाचा वेग तरण्यांचा असतो आणि गुडघे दुखणारी आजी ‘जरा थांबा’ म्हणायला संकोचते. कमी ऐकू येणाऱ्याला गर्दीत गाइडचे अर्धे बोलणे कळत नाही.

अशांसाठी ध्वनिफीत खरोखर सोयीची आहे. ती हवी तिथे थांबवता येते, पुन्हा ऐकता येते, बाकावर बसून ऐकता येते. टाऊन हॉलच्या संग्रहालयात ब्रह्मपुरीच्या उत्खननात सापडलेली पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची छोटी कांस्यमूर्ती आहे. तिच्यासमोर निवांत उभे राहून, पंचगंगेच्या काठी ती कशी पोहोचली असेल हे ऐकायला कोणाची घाई नको. रंकाळ्याच्या काठावर बसूनही असेच ऐकता येईल. तिथे ना दुचाकी, ना पायऱ्यांची चिंता.

म्हणून माझे मत असे : किल्ला, गर्दीची पेठ आणि पहिली भेट यांसाठी गाइडच घ्यावा. गट लहान असावा, ‘दर थोड्या वेळाने बसायला मिळेल का?’ हे आधीच विचारावे. संग्रहालय, तळ्याचा काठ आणि दुसऱ्यांदा पाहिलेली जागा यांसाठी ध्वनिफीत पुरेशी आहे. मात्र रस्त्यावर ती बंद आणि इअरफोन खिशात.

ध्वनिफिती तयार करणाऱ्यांनीही प्रत्येक टप्प्याच्या शेवटी ‘आता आवाज बंद करा, पुढच्या जागी पोहोचल्यावर सुरू करा’ एवढे एक वाक्य घालावे. त्याला खर्च काही नाही. पन्हाळा पाहून आलेल्या पाहुण्याने घरी बसून तांबडा-पांढरा ओरपावा. पायाला प्लास्टर घालून पडून राहण्याची वेळ त्याच्यावर येऊ नये.